अल्ट्रासोनिकमध्ये कार्बोरेटर साफ करायचाय: पाण्यात काय घालायचं, किती वेळ, काय बाहेर ठेवायचं?

सह्याद्री_स्वार

२०१४ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, सीव्ही कार्बोरेटरवाली (म्हणजे ज्यात आतली स्लाइड रबरी पडद्याने उचलली जाते). दीड वर्ष बंद उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. आता चोक दिला की चालू होते, चोक काढला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर वरच्या आरपीएमला व्यवस्थित ओढते, पण रेस सोडताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. कार्बोरेटरची खालची, पेट्रोल साठायची वाटी उघडली तर तळाला तपकिरी चिकट थर, कोपऱ्यात पांढरी पूड आणि पितळी जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) हिरवट राप. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला, हवा मारली. थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच.

३ लिटरचं अल्ट्रासोनिक मशीन मिळतंय: ४० किलोहर्ट्झ, १२० वॉट, हीटर आणि टायमर आहे. विचारायचं ते असं. मशीनमध्ये नेमकं काय ओतायचं? कोणी पेट्रोल म्हणतं, कोणी धुण्याचा सोडा. तापमान आणि वेळ किती? कोणते भाग आत घालायचे नाहीत? आणि स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स्चर स्क्रूवर कंपनीने धातूचं टोपण ठोकलेलं आहे, ते काढलंच पाहिजे का?

---

जेट_नीडल

लक्षणं पायलट सर्किटची, म्हणजे स्लोवर (रेस न देता) पेट्रोल देणाऱ्या वाटेची आहेत. वरच्या आरपीएमला मेन जेट पेट्रोल देतो, तो तुमचा मोकळा आहे. स्लोवर आणि रेस सोडताना पेट्रोल येतं ते पायलट जेट, त्याच्यापुढची बोगद्यासारखी वाट आणि बटरफ्लायजवळची (रेस दिली की उघडणाऱ्या चकतीजवळची) बारीक बायपास भोकं यांतून. तिथे अडलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. चोक दिल्यावर वेगळ्या वाटेने पेट्रोल मिळतं म्हणून गाडी चालते.

आकडे बघा म्हणजे कळेल. समजा पायलट जेटचं भोक ०.४० मिमी आहे. त्याच्या कडेला सगळीकडून ०.०३ मिमी थर बसला तर ०.३४ उरतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २८ टक्क्यांनी कमी झालं. उजेडाकडे धरून पाहिलं तर तो जेट उघडाच दिसतो. स्प्रे मारूनही फरक पडला नाही असं लोक म्हणतात त्याचं कारण हेच: स्प्रे मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातो, कडेचा वाळलेला थर तसाच राहतो. अल्ट्रासोनिकच्या कंपनांनी द्रवात होणारे सूक्ष्म बुडबुडे भिंतीलगत फुटतात, म्हणून तो थर सुटतो.

पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जिथे द्रव पोचत नाही तिथे अल्ट्रासोनिक काहीही करत नाही. वाटेत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तेवढा भाग कोराच राहतो, मशीन तासभर चालवा नाहीतर दिवसभर. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो, टोपण काढावंच लागेल. मिक्स्चर स्क्रू आत ठेवून बॉडी बुडवली तर नेमकी बिघडलेली वाट एका टोकाला बंद राहते.

टोपण काढायची रीत. २.५ मिमीच्या ड्रिलला टोकापासून ३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली कळते. हळू वेगात, अजिबात दाब न देता मधोमध भोक पाडा. ड्रिल आरपार जाताना झटका बसतो आणि खालच्या स्क्रूची खाच खराब होते, म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर हातानेच फिरवलेला बरा. मग त्यात छोटा सेल्फ-टॅपिंग स्क्रू दोन-तीन आटे बसवा आणि पक्कडीने सरळ ओढा. टोपण निघालं की मिक्स्चर स्क्रू लगेच काढू नका. आधी तो अगदी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, पाव फेऱ्यापर्यंत. जोर लावला तर स्क्रूचं सुईसारखं टोक दबतं आणि मग त्या कार्बोरेटरचं स्लो कधीच नीट बसत नाही.

स्क्रूबरोबर तीन वस्तू येतात: स्प्रिंग, बारीक वॉशर आणि अगदी टोकाकडे इवलीशी ओ-रिंग. ती ओ-रिंग नव्वद टक्के वेळा भोकातच चिकटून राहते. पातळ तारेचं टोक किंचित वाकवून ती बाहेर काढा. ती जुनी आतच राहिली तर पुढे तिथूनच हवा ओढली जाते.

---

धातू_आणि_द्रावण

पाण्यात काय घालायचं याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त कार्बोरेटर इथेच वाया जातात.

पेट्रोल, थिनर, स्पिरिट, ॲसिटोन यांतलं काहीही मशीनच्या टाकीत ओतायचं नाही. खाली हीटर आहे, वीज आहे आणि कंपनांनी द्रवाची वाफ व धुकं तयार होतं. ठिणगी पडली तर खोलीसकट पेटेल. एवढंच नाही, भाग आधी पेट्रोलने धुतले असतील तर ते पूर्ण सुकवून, साबणाच्या पाण्यातून काढूनच मशीनमध्ये घाला. गरम पाण्यावर पेट्रोलचा तवंग आला तरी धोका तोच.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक, भांड्यांच्या मशीनची पावडर, ओव्हन क्लीनर: सगळे तीव्र अल्कधर्मी. ॲल्युमिनियमवर असलेला ऑक्साइडचा संरक्षक थर साधारण पीएच ४ ते ८.५ च्या मध्ये टिकतो. त्याच्या बाहेर गेलं की धातूच विरघळायला लागतो. बॉडी काळी पडली म्हणून लोक घाबरतात. तो काळा थर म्हणजे ॲल्युमिनियम विरघळून गेल्यावर मागे उरलेलं मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं, लोखंड. पुसून जातो, पण तेवढा धातू गेलेला असतो.

दुसऱ्या टोकाला टॉयलेट क्लीनर. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याचा विचारसुद्धा नको. अमोनियावाले काच क्लीनरही नकोत, ते पितळ खातात.

घालायचं काय? दोन पर्याय. एक, अल्ट्रासोनिकसाठीच मिळणारं ॲल्युमिनियमला चालणारं कॉन्सन्ट्रेट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा १ भागाला १० ते २० भाग पाणी. दोन, भांडी घासायचं साधं लिक्विड, लिटरला ५ ते १० मिली. जास्त घातलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही, नुसता फेस होतो. पीएच पट्टी स्वस्तात मिळते, बुडवून बघा: ७ ते ९ च्या दरम्यान असावा, आणि ८.५ च्या वर असेल तर वेळ आखूड ठेवा. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्यातला क्षार सुकल्यावर त्याच बारीक भोकांत पांढरा बसतो, म्हणजे एक कचरा काढून दुसरा भरल्यासारखं.

तुमच्या वाटीतली पांढरी पूड साबणाने पूर्ण जाणार नाही. ती पेट्रोलमधल्या पाण्याने धातू गंजून झालेली आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. नेमका वाटीच्या तळाशी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागल्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे जास्त बघायला मिळतं.

त्या पुडीसाठी लिंबूफूल वापरा, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम, ४० अंशाला, ३ ते ५ मिनिटं. पण आधी धातू ओळखा. बॉडी ॲल्युमिनियमची असते किंवा जस्ताच्या मिश्रधातूची. जस्ताची घनता ॲल्युमिनियमच्या जवळपास अडीच पट, त्यामुळे हातात घेतलं की वजन लगेच जाणवतं. जस्ताची असेल तर आम्ल शक्यतो टाळा, कारण जस्त आम्लात झपाट्याने विरघळतं. फारच गरज असेल तर मिनिटभरच, आणि डोळ्यासमोर. आम्लातून काढल्याबरोबर लिटरभर पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात बुडवा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा.

पूड गेल्यावर खाली खड्डे दिसतील. ते भरून येत नाहीत. वाटीत असतील तर चालतं. फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई ज्या गादीवर टेकते तिथे असतील तर पेट्रोल ओव्हरफ्लो होणारच, तो कार्बोरेटर किंवा ती गादी बदलावी लागते.

---

सह्याद्री_स्वार

बॉडी हलकी आहे, ॲल्युमिनियमच वाटते. टोपण काढलं, स्क्रू सव्वादोन फेरे उघडा होता, ओ-रिंग आतच होती. आता कोणते भाग घालू, कोणते नको? आणि मशीन चालवताना क्रम कसा?

---

टूलबॉक्स_सांगली

आत घालायचे नाहीत ते आधी. वरच्या झाकणाखालचा डायफ्राम आणि त्याला जोडलेली स्लाइड, प्लॅस्टिकचा फ्लोट, सुईवाल्या व्हॉल्व्हचं रबरी टोक, सगळ्या ओ-रिंग, पॅकिंग, चोकच्या प्लंजरचं रबर, रबरी नळ्या. स्लाइडवर मुलामा असतो, तो उडाला की स्लाइड अडकत चालते. डायफ्रामला पेट्रोलचा किंवा कार्ब क्लीनरचा थेंबसुद्धा लागू देऊ नका, फुगून सुरकुततो आणि मग झाकणाच्या खोबणीत बसत नाही. तो फक्त साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि उजेडाकडे ताणून बघा, टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी वरच्या रेसला ओढणार नाही.

बटरफ्लायचे दोन स्क्रू काढू नका. त्यांची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात, काढताना आटे जातात. शाफ्टचे सील आत राहिले तर ५० अंशाच्या साबणाच्या पाण्यात त्यांना काही होत नाही.

जेट काढताना पेचकसाची पात खाचेएवढी रुंद हवी. पायलट जेट खोल नळीत असतो आणि पितळ मऊ असतं, बारीक पेचकसाने एकदा खाच झिजली की तो निघणं अवघड. वाटीचे आणि झाकणाचे स्क्रू जपानी पद्धतीच्या चौफुलीचे असतात. साधा फिलिप्स त्यात वर सरकतो, जेआयएस पेचकस घ्या. मेन जेटच्या मागे इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी) आहे, तीही वरून लाकडी काडीने हळूच ढकलून काढा. तिच्या बाजूची भोकं हमखास बुजलेली असतात आणि लोक तिकडे बघतही नाहीत. आणखी एक विसरायची जागा: बऱ्याच कार्बोरेटरांत चोकचा जेट वाटीतच दाबून बसवलेला असतो, वाटीच्या कोपऱ्यातल्या उभ्या वाटेच्या तळाशी. वाटी बुडवताना ती वाट वर तोंड करून ठेवा.

क्रम असा.

१. बाहेरचा चिखल, ऑइल, माती ब्रश आणि रॉकेलने काढा, साबणाने धुवा, सुकवा. ही घाण मशीनमध्ये गेली तर सगळी शक्ती तिथेच खर्च होते.

२. टाकी खुणेपर्यंत भरा. कोरडं मशीन चालवलं तर ट्रान्सड्यूसर (तळाखालचे कंपनं देणारे भाग) जातात. पाणी गरमच ओता, ३ लिटर तापवायला छोट्या हीटरला बराच वेळ लागतो. तापमान ५० ते ६० अंश. त्याहून गार असलं तर थर मऊ पडत नाही, आणि उकळीजवळ गेलं तर बुडबुड्यांत वाफ भरून त्यांचा मार कमी होतो.

३. भाग न घालता ५ ते १० मिनिटं चालवा. पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. ती राहिली तर बुडबुडे गादीसारखे मऊ फुटतात.

४. बॉडी बास्केटमध्ये तिरकी धरून हळूहळू उतरवा. इंजेक्शनची सिरिंज घेऊन तेच द्रावण प्रत्येक वाटेत भरा: पायलटची वाट, हवेच्या तोंडाकडची दोन पितळी भोकं, मिक्स्चर स्क्रूचं भोक. दुसऱ्या टोकाने बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. हे केलं नाही तर वर जेट_नीडल यांनी सांगितलंय तेच होणार.

५. १० मिनिटं चालवा. बाहेर काढा, सिरिंजने पुन्हा वाटा धुवा, बॉडी उलटी करा, परत १० मिनिटं. अशा तीन-चार फेऱ्या पुरतात. सलग ४० मिनिटं एकाच बाजूने ठेवलं तर खालच्या बाजूला मार जास्त बसतो. पितळी जेट वेगळ्या चहाच्या गाळणीत, १० मिनिटं, तेवढं बस. धातूचा भाग टाकीच्या तळाला टेकवू नका. तळाची पातळ चादर झिजते, भोक पडतं आणि मशीन संपतं.

चालू मशीनमध्ये बोटं घालायची नाहीत. झाकण ठेवा, आवाज कानाला त्रास देतो.

मशीन नीट काम करतंय का याची शंका असेल तर घरचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून अर्धा ते एक मिनिट बुडवा. सगळीकडे बारीक खळगे आणि भोकं पडली पाहिजेत. एकाच पट्ट्यात पडली तर बाकीचे ट्रान्सड्यूसर काम करत नाहीत. चष्मे-दागिन्यांची अर्ध्या लिटरची, ३५ वॉटची मशीनं जेटपुरती ठीक आहेत, बॉडीला नाहीत.

---

घाटरस्ता

हे सगळं करण्यापेक्षा जेटमध्ये गिटारची तार किंवा पिन फिरवली तर पाच मिनिटांत काम होत नाही का? गॅरेजमध्ये सगळे तेच करतात.

---

जेट_नीडल

स्टीलची तार पितळापेक्षा कडक असते, म्हणून नको. ०.४० मिमीचं भोक घासून ०.४२ झालं तरी क्षेत्रफळ १० टक्के वाढलं, म्हणजे जेटचा नंबरच बदलला, फक्त वर आकडा जुनाच राहिला. नंतर मायलेज पडतं, प्लग काळा होतो आणि कारण कुणाला सापडत नाही. भोक पूर्ण बुजलेलंच असेल तर मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरा, तीही ढकलायला, घासायला नाही. किंवा जेट रात्रभर काचेच्या बाटलीत कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मशीनबाहेर, हवेशीर जागेत. मग धुऊन, सुकवून साबणाच्या पाण्यात मशीनला लावा. आणि तार फक्त जेटपुरती झाली. बॉडीतल्या वाटा वाकड्या आहेत, तिथे तार जातच नाही.

आता मशीननंतरचं, कारण हा भाग घाईत होतो. सुटलेला कचरा वाटांतच असतो, त्यामुळे गरम स्वच्छ पाण्याने सिरिंजने धुवा, मग ४० ते ६० पीएसआयची हवा. चष्मा घाला. त्यानंतर प्रत्येक वाट तपासायची ती अशी: पायलट जेटच्या जागी कार्ब क्लीनरची नळी घट्ट दाबून फवारा मारा. एका बोटाने मिक्स्चर स्क्रूचं भोक बंद करा. बटरफ्लायजवळच्या प्रत्येक बायपास भोकातून बारीक धार निघाली पाहिजे, प्रत्येकातून, एकातून नाही. मग बोट काढून स्क्रूच्या भोकातून, आणि शेवटी हवेच्या तोंडाकडच्या भोकातून. एखादी धार थेंबथेंब किंवा वाकडी असेल तर पुन्हा मशीन. सगळ्या धारा समान दिसेपर्यंत जोडणी करू नका.

जेटला सिरिंजने पाणी दिलं तर सरळ, अखंड, केसासारखी धार पडते. पिसकारली तर कडेला अजून काही आहे. पितळ गुलाबी पडलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो जेट बदला.

सुकवायला हेअर ड्रायर पुरे. पाणी वाटेत राहिलं तर पांढरी पूड पुन्हा सुरू होते, आणि स्टीलच्या स्प्रिंगवर तासाभरात गंज दिसतो.

---

टूलबॉक्स_सांगली

जोडताना रबर नवीन घ्या. ओ-रिंग एफकेएम म्हणजे व्हायटनच्या मिळाल्या तर त्याच, इथेनॉलच्या पेट्रोलला साध्या नायट्राइल रबरापेक्षा जास्त टिकतात. मिक्स्चर स्क्रूवर क्रम: आधी स्प्रिंग, मग वॉशर, टोकाला ओ-रिंग. वॉशर विसरला तर स्प्रिंग ओ-रिंगला कापते.

फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे मोजा, पण कार्बोरेटर तिरका धरून. सरळ उलटा धरला तर फ्लोटच्या वजनाने सुईच्या शेंड्यावरची स्प्रिंगवाली पिन दबते आणि माप चुकतं. फ्लोटची पट्टी पिनला नुसती टेकलेली असताना माप घ्यायचं.

मिक्स्चर स्क्रू सव्वादोन फेऱ्यांवरच सुरू करा. तुमच्या कार्बोरेटरला तो इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे पेट्रोलचा स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त), आत घातला की पातळ. हवेच्या तोंडाकडे असतो त्याचं उलटं. केबलने थेट स्लाइड उचलणाऱ्या जुन्या कार्बोरेटरांना बहुतेक तसा असतो, आणि तिथेच लोक गोंधळतात. इंजिन पूर्ण गरम करून पाव-पाव फेऱ्याने फिरवा, जिथे स्लो सगळ्यात वर आणि एकसारखं होतं तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने मॅन्युअलमधल्या आरपीएमवर आणा.

आणि हे सगळं करण्याआधी टाकी बघा. स्प्रेनंतर थोडे दिवस बरी चालून पुन्हा तेच झालं असं लिहिलंय, त्यात टाकीचा हात असणार. दीड वर्षाचं पेट्रोल पूर्ण काढून टाका, ते नव्यात मिसळू नका. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) काढून आतली जाळी धुवा. टॉर्चने टाकीच्या तळाला गंज दिसला तर आधी तो, नाहीतर पायलट जेट महिनाभरात परत बुजेल. गंजाचे कण त्या जाळीतून जातात, म्हणून कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये छोटा इनलाइन फिल्टर लावा. पेट्रोल वरून नुसतं वजनाने येतं, तेव्हा फिल्टर ग्रॅव्हिटीवर चालणाराच घ्या. पंपाच्या गाड्यांचा लावला तर वरच्या रेसला पेट्रोल कमी पडतं.

---

धातू_आणि_द्रावण

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात पेट्रोलचा राळ आणि जड धातू आहेत. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी निवळलं की कापडातून गाळून तेच एक-दोनदा चालतं. तळाचा गाळ डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या.

गाडी पुन्हा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीच्या ड्रेन स्क्रूतून पेट्रोल काढून टाका, बाटली खाली धरून. थोडंसंच निघेल. टाकी मात्र भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत हवेतली ओल पत्र्यावर बसते.

---

सह्याद्री_स्वार

टाकीचा कॉक काढला. जाळीवर लाल पूड आहे आणि तळाला गंज दिसतोय, म्हणजे आधी टाकीच. कार्बोरेटर तोवर सुकवून, वाटांना चिकटपट्टी लावून डब्यात ठेवतो. टाकीच्या गंजासाठीही लिंबूफूल चालेल का, आणि लिटरला किती?

---

धातू_आणि_द्रावण

चालेल, टाकी पोलादाची आहे. पण आतून कोटिंग केलेली नाही ना हे बघा, असेल तर ते सुटून येतं. लिटरला ५० ते ८० ग्रॅम, गरम पाण्यात, टाकी काठोकाठ भरून ८ ते १२ तास, मधून मधून बघत. बाहेरच्या रंगावर सांडलं तर लगेच धुवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, आणि ओली असतानाच ड्रायरने सुकवून आत थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल) मिसळलेलं पेट्रोल फिरवा. सुकायला उन्हात नुसती ठेवली तर अर्ध्या तासात पुन्हा लाल होते.